‘होय’ दाबलं आणि काम गेलं : एका फझी स्ट्रिंगचं प्रकरण

तक्रार अवघ्या तीन ओळींची होती. खिडकी बंद करताना सॉफ्टवेअरनं विचारलं, ‘बंद करण्यापूर्वी बदल जतन करायचे?’ मी ‘होय’ दाबलं. फाइल पुन्हा उघडली तर सकाळपासून केलेलं काम गायब.

डेव्हलपरांनी नेहमीच्या शिरस्त्यानं आधी स्वतःच्या मशीनवर करून पाहिलं. तिथं सगळं ठीक चाललं. ‘पुन्हा घडवता येत नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद झाली. काही दिवसांनी तशीच दुसरी आली. तिच्यासोबत स्क्रीनशॉट होता आणि तो मराठीतला होता. मग ती घरंगळत भाषांतराच्या खात्यात, म्हणजे माझ्याकडे आली.

त्या प्रकल्पात मी मराठीची समन्वयक होते. प्रकल्पाचं नाव सांगत नाही. डेस्कटॉपवर चालणारं लेखनाचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, वीसेक भाषा, भाषांतर करणारे सगळे स्वयंसेवक, एवढं पुरे. इंग्रजीतला संवाद उघडून पाहिला आणि पोटात गोळा आला. इंग्रजीत लिहिलं होतं, ‘डिस्कार्ड चेंजेस बिफोर क्लोजिंग?’ बदल टाकून द्यायचे का, असं सॉफ्टवेअर विचारत होतं. मराठीत मात्र ते नेमकं उलटं बोलत होतं. म्हणजे ‘होय’ दाबणाऱ्याचं काम सॉफ्टवेअरनं सांगितल्याप्रमाणे इमानेइतबारे पुसून टाकलं होतं.

हे घडलं कसं, ते कळायला गेटटेक्स्ट या भाषांतराच्या व्यवस्थेचं चक्र माहीत हवं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही व्यवस्था जुनी आहे. ग्नू गेटटेक्स्ट १९९५ मध्ये आलं आणि आजही असंख्य प्रकल्प त्यावरच चालतात. प्रोग्रॅमर पडद्यावर दिसणारं प्रत्येक इंग्रजी वाक्य (त्याला ‘स्ट्रिंग’ म्हणतात) एका फंक्शनमध्ये गुंडाळतो. एक्सगेटटेक्स्ट हे साधन ही वाक्यं वेचून एका कोऱ्या साच्यात भरतं. हा साचा म्हणजे पीओटी फाइल. प्रत्येक भाषेची स्वतःची पीओ फाइल असते. त्यात वर इंग्रजी, खाली भाषांतर. नवीन साचा आला की एमएसजीमर्ज तो जुन्या पीओत मिसळतं आणि शेवटी एमएसजीएफएमटी त्याची यंत्राला वाचता येणारी एमओ फाइल करतं.

खरी मेख मिसळण्याच्या पायरीत आहे. इंग्रजी वाक्य जरासं जरी बदललं तरी गेटटेक्स्टच्या लेखी ते नवंच वाक्य, कारण वाक्य हीच त्याची ओळख. मग एमएसजीमर्ज जुन्यातलं दिसायला जवळचं वाक्य शोधतं, त्याचं भाषांतर उचलून नव्याखाली ठेवतं आणि वर ‘फझी’ अशी खूण करतं. माणसानं पाहिल्याशिवाय हे वापरू नका, असा त्या खुणेचा अर्थ. वेगळं सांगितलं नाही तर फझी स्ट्रिंग एमओ फाइलमध्ये जातच नाही. वापरणाऱ्याला तिथं इंग्रजी दिसतं.

आमच्या त्या नोंदीचा प्रवास असा झाला.

जुनं इंग्रजी : सेव्ह चेंजेस बिफोर क्लोजिंग?
नवं इंग्रजी : डिस्कार्ड चेंजेस बिफोर क्लोजिंग?
यंत्रानं ठेवलेलं मराठी : बंद करण्यापूर्वी बदल जतन करायचे?
खूण : फझी

चार शब्दांपैकी तीन तेच. यंत्राला ही वाक्यं सख्खी भावंडं वाटली यात नवल नाही, ते अक्षरं मोजतं. डेव्हलपरची बाजूही समजण्यासारखी होती. सॉफ्टवेअर आता मसुदा आपोआप जपून ठेवू लागलं होतं, म्हणून ‘जतन करू का’ऐवजी ‘टाकून देऊ का’ असं विचारणं त्याला सुसंगत वाटलं. खाली ‘येस’ आणि ‘नो’ ही बटणं तशीच राहिली. इथपर्यंत कुणाचं काही चुकलं नव्हतं. खूण जागेवर होती तोवर मराठी वापरणाऱ्यालाही धोका नव्हता.

ती खूण कुणी काढली, हे गिट ब्लेमनं, म्हणजे कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेनं, लगेच सांगितलं. एका नव्या स्वयंसेवकानं, आवृत्ती निघायच्या आदल्या रात्री. कमिटचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, संदेश ‘मराठी अद्ययावत’ एवढाच. डिफ, म्हणजे जुन्या आणि नव्या फाइलीतला फरक, उघडला तर हजारो ओळी बदललेल्या. पण त्यातल्या बहुतेक ओळींचा भाषांतराशी संबंधच नव्हता. पीओ फाइलमध्ये प्रत्येक वाक्याच्या वर ते कोडच्या कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीवर आहे याची टिप्पणी असते. कोडमध्ये वर कुठंतरी चार ओळी वाढल्या की खालचे सगळे आकडे सरकतात आणि डिफ फुगतो. असल्या डिफमधून एक निघालेली फझी खूण शोधायची म्हणजे कोंड्यातून दाणा वेचायचा. मी तो डिफ वाचला नव्हता. वरवर चाळला आणि मंजूर केला.

आणखी एक गोष्ट मला जुन्या निरोपांत सापडली, ती लपवण्यात अर्थ नाही. त्या स्वयंसेवकाला मीच लिहिलं होतं : ‘फझी बऱ्याच साचल्यात. बहुतेक ठिकाणी नुसता पूर्णविराम नाहीतर एखादा शब्द बदललाय. तेवढ्या आज उडवता येतील का?’ त्यांनी उडवल्या.

मला घाई कसली होती? टक्क्यांची. ठरावीक टक्क्यांखाली गेलेली भाषा आमच्या प्रकल्पात सेटिंगच्या यादीतून बाहेर पडायची. असे उंबरठे इतरत्रही असतात. ग्नोम हा लिनक्सवरचा डेस्कटॉप प्रकल्प आपल्या आवृत्तीसोबत ज्या भाषांची गणना करतो, त्यांच्यासाठी ८० टक्के स्ट्रिंग भाषांतरित असणं ही अट असते. मोजायला काहीतरी हवंच, मान्य. पण फझी स्ट्रिंग टक्क्यांत धरली जात नाही आणि खूण काढली की तीच स्ट्रिंग त्या क्षणी ‘भाषांतरित’ होते. एक अक्षरही न बदलता आकडा वर जातो. आम्ही सगळे फझीकडे उधारीसारखं पाहत होतो, लवकरात लवकर फेडून टाकायची. प्रत्यक्षात ती कडी होती, आणि आम्ही ती सरकवून दार सताड उघडं ठेवलं होतं.

तक्रार कळली त्या दिवशी मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचं, म्हणणं पडलं की पुढच्या दुरुस्ती आवृत्तीतून मराठी काढून टाकू, बाकीचं नंतर बघू. मला ते झोंबलं. एका स्ट्रिंगपायी अख्खी भाषा? पण त्याचा पुढचा प्रश्न बिनतोड होता : ‘ही एकच आहे हे तुला कशावरून ठाऊक?’ ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी आम्ही एवढंच केलं. त्या नोंदीवर फझीची खूण परत लावली आणि दुरुस्ती आवृत्ती काढली. मराठी मेनूंच्या मधोमध एक इंग्रजी संवाद उघडू लागला. दिसायला वाईट, पण कुणाचं काम जाणार नव्हतं. योग्य भाषांतर सावकाश दुसऱ्या दिवशी केलं.

मग प्रश्न उरला बाकीच्यांचा. हजारभर स्ट्रिंग डोळ्यांनी तपासायला माणसं नव्हती. शिवाय तयार तपासण्या इथं निरुपयोगी. एमएसजीएफएमटीची तपासणी वाक्यातल्या जागा राखणाऱ्या खुणा (जिथं नंतर नाव किंवा आकडा बसतो) जुळतात का ते बघते. वेबलेट हे आम्ही वापरत असलेलं भाषांतराचं साधन शेवटचं विरामचिन्ह सुटलं, जास्तीची मोकळी जागा आली, असलं बरंच काही पकडतं. अर्थ उलटा झालाय हे त्यांच्या कक्षेतच नाही. आमच्या चुकीच्या वाक्यात प्रश्नचिन्हसुद्धा बरोबर जागी होतं.

उपाय सुचला तो इतिहासातून. आधीच्या आवृत्तीची पीओ फाइल आणि नव्या आवृत्तीची पीओटी घेऊन आम्ही एमएसजीमर्ज पुन्हा चालवलं, पण या वेळी ‘प्रीव्हियस’ हा पर्याय लावून. त्यानं फझी नोंदीच्या वर जुनं इंग्रजीही लिहून ठेवलं जातं. मग पायथनच्या पीओलिब या पीओ फाइली वाचणाऱ्या लायब्ररीनं या नोंदी प्रत्यक्ष बाहेर पडलेल्या पीओशी ताडून पाहिल्या. तीन अटी होत्या : इंग्रजी बदललंय, मराठी जसंच्या तसं आहे, आणि फझी निघालेली आहे. तिन्ही लागू होतील त्या स्ट्रिंगची यादी काढायची. इंग्रजीतली स्पेलिंगची चूक दुरुस्त झाली असेल तर मराठी तसंच राहणं योग्यच, त्यामुळे यादीतलं सगळं काही चूक नसतं. पण चूक असेल तर ती या यादीत सापडते.

मराठीची यादी चाळीसेक नोंदींची निघाली. तासाभरात वाचून झाली. बहुतेक निरुपद्रवी होत्या. पण एका ठिकाणी इंग्रजी म्हणत होतं, आपोआप होणारा बॅकअप बंद करा, आणि मराठी म्हणत होतं, सुरू करा. दुसऱ्या ठिकाणी ‘ठरावीक दिवसांपेक्षा जुने मसुदे ठेवले जातील’ असं मराठी होतं, इंग्रजीत मात्र ते पुसले जाणार होते. हीच स्क्रिप्ट इतर भाषांवर चालवली तर आणखी दोन भाषांत आमचाच तो संवाद, तसाच उलटा सापडला. त्या भाषांचे लोक वेगळे, सवयी वेगळ्या, तरी चूक तीच. त्यानंतर ‘नव्या माणसाची चूक’ हा शब्दप्रयोग चर्चेतून आपोआप गळाला.

आणि याच वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात आली, माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची. आमच्याकडे रोजच्या कामात ‘प्रीव्हियस’ कधी लावलेलंच नव्हतं. म्हणजे भाषांतर करणाऱ्यासमोर वर नवं इंग्रजी आणि खाली जुनं मराठी एवढंच येत होतं. काय बदललं हे कुणी त्याला दाखवतच नव्हतं. जुनं इंग्रजी नोंदीत असेल तर वेबलेट बदललेला शब्द रंगवून समोर ठेवतं. रात्री अकरा वाजता ओळीनं फझी उडवणाऱ्या माणसाला रंगवलेला ‘डिस्कार्ड’ दिसला असता तर तो थबकला असता. आम्ही त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि वर पूर्णविराम बदलल्याचं सांगितलं.

बदल केले ते फार नव्हते, पण प्रत्येकावर वाद झाला. ‘प्रीव्हियस’ लावायला कुणाची हरकत नव्हती. टिप्पण्यांतले ओळींचे आकडे काढून नुसतं फाइलचं नाव ठेवायलाही नव्हती. डिफ त्यानंतर एकदम माणसांत आला, वाचता येऊ लागला. खडाजंगी झाली ती फझी जुळवणीच बंद करण्यावर. एमएसजीमर्जला तसं सांगता येतं. मग बदललेल्या वाक्याखालची जागा कोरी राहते. काही समन्वयकांचं म्हणणं होतं की एका स्वल्पविरामासाठी पूर्ण परिच्छेद पुन्हा लिहायचा का? बरोबर आहे, तेवढी फुरसत कुणाला? पण वेबलेटमध्ये जुनी भाषांतरं स्मृतीत असतात आणि शेजारी सुचवणी म्हणून दिसतात. फरक इतकाच की ती हातानं उचलून घ्यावी लागतात, आपोआप जागेवर येऊन बसत नाहीत. मी बंद करण्याच्या बाजूनं मत दिलं आणि आजही माझं मत तेच आहे.

मेंटेनरला हवी होती ती सक्तीची तपासणी : प्रत्येक स्ट्रिंग दुसऱ्या माणसानं मंजूर केल्याशिवाय बाहेर पडणार नाही. कागदावर उत्तम. पण ज्या भाषेत कामाची माणसं दोनच आहेत तिथं याचा अर्थ एकानं लिहायचं, दुसऱ्यानं महिनोन्‌महिने न बघायचं आणि भाषा हळूहळू मरू द्यायची. शेवटी ठरलं की तपासणी फक्त घातक स्ट्रिंगची करायची. पुसणं, टाकून देणं, जुन्या फाइलीवर नवी लिहिणं, परत न येणारी कुठलीही गोष्ट. डेव्हलपरांनी अशी वाक्यं वेगळी काढली आणि ती शंभराच्या आत निघाली. एवढ्यांवर दोन माणसांची नजर ठेवता येते. टक्क्यांचा उंबरठा काढून टाकला आणि त्या जागी अट आली ती या घातक यादीची : ती पूर्ण तपासलेली असेल तर भाषा यादीत राहील, मग बाकीचं कितीही इंग्रजी असो.

मूळ संवादही बदलला. ‘येस’ आणि ‘नो’ गेले, बटणांवर क्रियापदं आली. आता मराठीत खाली ‘जतन करा’, ‘टाकून द्या’ आणि ‘रद्द करा’ असतं. वरचा प्रश्न उद्या पुन्हा उलटा झाला तरी बोट योग्य बटणावर जाईल. हे आधीच करता आलं असतं, आणि त्याला भाषांतराचं काहीही लागत नव्हतं.

घातक यादी तपासताना एक जुनं दुखणं वर आलं, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. कारण डेव्हलपर मंडळी ‘भाषांतर वाईट आहे’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा खोट मूळ वाक्यात असते. आमच्या कोडमध्ये एक स्ट्रिंग होती : एक रिकामी जागा, पुढं ‘डिलीटेड’. रिकाम्या जागी तक्ता, टीप, चित्र यांपैकी काहीही येणार. इंग्रजीचं काम भागलं. मराठीत तक्ता हटवला, टीप हटवली आणि चित्र हटवलं. एका साच्यात तीन लिंगं बसवायची कशी? (‘काढला-काढली-काढलं’ करून पाहिलं, तर ‘चित्र काढलं’ वाचून सॉफ्टवेअर चित्रकार झाल्यासारखं वाटायचं.) दुसरी स्ट्रिंग ‘इन’ आणि पुढं रिकामी जागा. आम्ही जागेनंतर ‘मध्ये’ जोडलं तर पडद्यावर ‘तक्तामध्ये’ आणि ‘टीपमध्ये’. सामान्यरूप होणार कुठून? यंत्र शब्द जसाच्या तसा आणून ठेवतं, ‘तक्त्यामध्ये’ करायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तिसऱ्या ठिकाणी अनेकवचन कोडमध्येच केलेलं, संख्या एक नसेल तर शेवटी ‘एस’ चिकटवायचा. गेटटेक्स्टमध्ये अनेकवचनासाठी वेगळं फंक्शन आहे. त्यात प्रत्येक भाषा स्वतःची रूपं सांगते : मराठीची दोन, जपानीचं एक, रशियनची तीन, अरबीची सहा. ते न वापरता ‘एस’ चिकटवला की इंग्रजी सोडून सगळ्यांची पंचाईत.

पहिल्या प्रकारात डेव्हलपरांनी वाक्यं सुटी केली, तक्त्याचं वेगळं, टिपेचं वेगळं. दुसऱ्यात आम्हीच पळवाट काढली : अवतरणात नाव आणि पुढं ‘या ठिकाणी’. थोडं सरकारी वाटतं, पण व्याकरण मोडत नाही. मोझिलाच्या फ्लुएंट या भाषांतराच्या व्यवस्थेत अशा लिंगभेदांची सोय भाषांतराच्या फाइलीतच करता येते, त्यासाठी डेव्हलपरची मनधरणी करावी लागत नाही. एकानं तिकडं जाण्याचा प्रस्ताव मांडला. पण वीसेक भाषांच्या फाइली आणि तितक्याच माणसांच्या सवयी हलवायची ताकद आमच्यात नव्हती.

संदर्भाचा अभाव हे दुसरं दुखणं. नुसतं ‘फ्री’ असं वाक्य आलं तर ते मोफत की मोकळं? आमच्याकडे डिस्कवर किती जागा ‘मोफत’ आहे हे सॉफ्टवेअर बराच काळ सांगत होतं, आणि त्याची तक्रार कुणी केली नाही! ‘ओपन’ची गंमत वेगळी. क्रियापद म्हणून ‘उघडा’ आणि विशेषण म्हणूनही ‘उघडा’, त्यामुळे एकच भाषांतर दोन्हीकडे खपून गेलं. पण विशेषण फाइलला लागलं की ‘उघडी’ हवं. गेटटेक्स्टमध्ये प्रत्येक नोंदीला संदर्भ जोडता येतो आणि डेव्हलपर कोडमध्ये भाषांतरकारांसाठी टिप्पणीही लिहू शकतो, ती एक्सगेटटेक्स्ट पीओपर्यंत पोचवतं. दोन्ही सोयी फुकट आहेत, लागतो तो अर्धा मिनिट. आता घातक यादीतल्या प्रत्येक वाक्याला टिप्पणी सक्तीची आहे. बाकीच्या वाक्यांना विनंती करतो, कधी मिळते, कधी नाही.

आवृत्तीच्या आधी स्ट्रिंग गोठवण्याची प्रथाही तेव्हा सुरू झाली. ग्नोम, केडीईसारख्या मोठ्या प्रकल्पांत ती जुनीच आहे : ठरावीक तारखेनंतर इंग्रजी वाक्याला हात लावायचा नाही. आमच्याकडे दोन आठवडे ठरले. ते पाळले जातात असं म्हणवत नाही, पण मोडताना आता निदान आम्हाला कळवतात.

त्या स्वयंसेवकाला मी सविस्तर लिहिलं. खूण तुम्ही काढलीत, पण काढा असं मीच सांगितलं होतं आणि मंजूरही मीच केलं, हे प्रकल्पाच्या चर्चेतही नोंदवलं. त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. काम सोडण्याच्या विचारात होते. सध्या घातक यादीवरची दुसरी नजर त्यांची असते आणि माझ्या भाषांतरांवर त्यांच्या लाल रेघा बऱ्यापैकी असतात. ‘टाकून द्या’ हे ‘काढून टाका’पेक्षा स्पष्ट आहे, हा आग्रह त्यांचाच.

नव्या नियमांनंतर पहिली आवृत्ती निघाली तेव्हा मराठीचा आकडा आधीपेक्षा बराच खाली होता. सेटिंगच्या दोन पानांवर ओळीआड इंग्रजी दिसत होतं. आठवड्याभरात नवी तक्रार आली : ‘अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, हे काय आहे?’ मी कारण लिहून कळवलं आणि तक्रार उघडी ठेवली. त्या दोन पानांवरच्या बऱ्याचशा स्ट्रिंग अजून रांगेत आहेत.